शब्दाला जागा कुठे ठेवली आहे? : राजकीय डूम अल्बमवर मत बनवताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगलीत सात-आठ जणांचा गट दर पंधरवड्याला एक अल्बम ऐकतो आणि मग त्यावर बोलतो. या वेळी स्टोनर-डूम (संथ, जड, चरचरीत गिटारींचं रॉक-मेटल) प्रकारातला, उघड राजकीय शब्दांचा अल्बम घेतला आणि चर्चेचं भांडण झालं. एकाचं म्हणणं, संगीतात राजकारण कशाला. दुसऱ्याचं, राजकारण असू दे, पण शब्दच कळत नाहीत तर उपयोग काय. तिसऱ्याला सगळी गाणी एकसारखी आणि रटाळ वाटली. चौथ्याला अल्बम इतका आवडला की बाकीच्यांना कानच नाहीत, असं तो बोलून गेला. यात बरोबर कोण, आणि असा अल्बम ऐकून मत द्यायचं कसं, अशी विचारणा आहे. अल्बमचं नाव प्रश्नात नाही. बरंच झालं, कारण या प्रकारातला कुठलाही राजकीय अल्बम लावा, ही चार माणसं खोलीत असतातच.

बरोबर कोण हे ठरवण्याआधी एक चौकशी करा: कोणी कशावर ऐकला?

साध्या गिटारची सर्वांत जाड तार ८२ हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ८२ कंपनांना लागते. या प्रकारात ती खाली उतरवतात, कधी ६९ वर, कधी ६५ वर, काही बँड तर थेट ५५ हर्ट्झपर्यंत. बेस गिटार त्याच्याही एक सप्तक खाली, म्हणजे ६५ च्या खाली जवळपास ३३. फोनच्या स्पीकरमधून ३०० हर्ट्झच्या खाली दखल घ्यावी असं काही निघत नाही. मेंदू वरच्या स्वरांशांवरून (मूळ स्वरासोबत निघणाऱ्या वरच्या सूक्ष्म स्वरांवरून) मूळ स्वर ओळखतो, त्यामुळे चाल कळते. पण रिफचं, म्हणजे गिटारच्या पुन्हापुन्हा वाजणाऱ्या तुकड्याचं वजन, छातीवर बसणारा तो भाग, फोनवर नसतोच. उरतो तो १ ते ४ हजार हर्ट्झचा पट्टा. त्यात झांजांची सळसळ, फझची (गिटारचा आवाज मुद्दाम फाडणाऱ्या पेडलची) चरचर आणि गायकाचा आवाज. त्यातून बिग मफसारखा फझ पेडल १ हजार हर्ट्झच्या आसपासचा भाग स्वतःच खोलगट करतो, म्हणजे फोनवर गिटार आणखी मागे जाते आणि गायक एकटा पुढे येतो.

आता गंमत बघा. फोनवर ऐकणाऱ्याला घोषणाच घोषणा ऐकू येतात, म्हणून तो म्हणतो, ‘राजकारण फार आहे.’ मोठ्या स्पीकरवर ऐकणाऱ्याला गिटारची भिंत ऐकू येते आणि गायक त्या भिंतीमागे जातो, म्हणून तो म्हणतो, ‘शब्द कळत नाहीत.’ दोघे एकाच अल्बमबद्दल बोलतात, पण ऐकलेल्या गोष्टी दोन आहेत. तुमच्या गटातल्या पहिल्या दोघांना हे विचारून बघाच.

खोलीचाही हिशेब आहे. १० फूट बाय १० फुटांच्या खोलीत समोरासमोरच्या भिंतींमध्ये ५६ हर्ट्झच्या आसपासची लहर अडकते. बँडची खालची तार ५५ ला लावलेली असेल तर तो एकच स्वर गुरगुरतो आणि बाकीचे बारीक वाटतात. फरशी, उघड्या भिंती आणि कोपऱ्यात लोखंडी कपाट अशी खोली असेल तर कपाटाचं दारही साथीला येतं. ही गुरगुर रेकॉर्डिंगमधली नाही, खोलीची आहे. भिंतीवर गादी टांगून ती जात नाही, कारण एवढ्या लांब लहरीला गादीची जाडी किस झाड की पत्ती. खुर्ची हलवा. खोलीच्या बरोबर मध्यावर हा स्वर नाहीसा होतो, भिंतीला टेकून बसलात तर दुप्पट होतो. मागच्या भिंतीपासून खोलीच्या लांबीच्या साधारण एक तृतीयांशावर बसा. स्पीकर कोपऱ्यातून दीड-दोन फूट पुढे ओढा आणि कपाटाच्या दारात पुठ्ठ्याची घडी खोचा.

आवाजाच्या पातळीबद्दल एवढंच, की हळू आवाजात कानाला खालचे स्वर कमी ऐकू येतात; फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी हे १९३३ मध्ये मोजून दाखवलं. म्हणून रात्री घरातले झोपल्यावर बारीक आवाजात ऐकलेल्या डूम अल्बमवर मत देऊ नये. पण ‘डूम मोठ्यानेच ऐकायचं असतं’ हेही पूर्ण खरं नाही. ८५ डेसिबलला आठ तास ही कामाच्या ठिकाणची नेहमीची मर्यादा धरली, तर दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो; ९४ ला फक्त एक तास. एका अल्बमसाठी ८० ते ८५ पुरेसं आहे. फोनवरचं मोजणीचं अ‍ॅप दोन-चार डेसिबल चुकतं, तेवढं चालतं.

आता शब्दांकडे. हा खरा मुद्दा आहे, आणि इथे आपल्या भागातल्या माणसाला आयती मोजपट्टी मिळते.

पोवाडा आठवा. शाहीर ओळ टाकतो तेव्हा डफ दबतो. तुणतुण्याची एक तार मागे चालू असते, ती शब्दाच्या आड येत नाही. ओळ संपली की डफ कडाडतो, झीलकरी ‘जी जी रं जी’ उचलतात आणि ऐकणाऱ्याला ती ओळ पचवायला दोन-चार मात्रा मिळतात. ही केवळ रीत नव्हे. माइक नसलेल्या मैदानात हजार माणसांपर्यंत राजकीय वाक्य पोचवण्याची ती तांत्रिक युक्ती आहे.

नेमकी हीच युक्ती डूमच्या मुळाशी असलेल्या युद्धविरोधी गाण्यात दिसते. ब्लॅक सबाथ या इंग्लिश बँडचं ‘वॉर पिग्ज’, १९७० च्या ‘पॅरानॉइड’ अल्बममधलं पहिलं गाणं, जवळजवळ आठ मिनिटांचं. व्हिएतनाम युद्धाचा काळ. सुरुवातीला संथ, जड रिफ आणि हवाई हल्ल्याचा भोंगा. मग सगळं थांबतं. गिटार दोन ठोके देते आणि गप्प बसते, ड्रमवाला फक्त हाय-हॅटवर (पायाने मिटणाऱ्या झांजांच्या जोडीवर) वेळ मोजत राहतो, आणि त्या मोकळ्या जागेत गायक ओळ टाकतो. पुन्हा दोन ठोके, पुन्हा ओळ. युद्ध ठरवणारे सेनापती आणि मरायला जाणारे गरीब, हा आशय पहिल्याच ऐकण्यात पोचतो, कारण शब्द उच्चारला जाताना गिटार वाजतच नाही. शाहीर आणि डफ यांचा हा करार बर्मिंगहॅमच्या कारखान्यांतल्या पोरांना कोणी शिकवला नव्हता. गरज तीच होती म्हणून उत्तर तेच निघालं.

तेव्हा राजकीय डूम अल्बमवर मत बनवताना ‘मला हे पटतं का?’ हा प्रश्न मागे ठेवा. आधी विचारा, शब्दाला जागा कुठे ठेवली आहे? आणि जागा ठेवलेली नसेल, तर ती मुद्दाम ठेवलेली नाही की विसरली आहे?

हा फरक कानाने करता येतो. मराठी असो वा इंग्रजी, शब्द ओळखू येतो तो व्यंजनांवरून, आणि त, स, क यांची धार २ हजार हर्ट्झच्या वर असते. फझ लावलेल्या गिटारचे वरचे स्वरांश तिथेच गर्दी करतात. गायक आणि गिटार एकाच वेळी, एकाच जोराने चालू असतील तर व्यंजनं बुडतात आणि फक्त ‘आ’, ‘ओ’ उरतात. गायक घोगऱ्या, गुरगुरत्या आवाजात गात असेल तर स्वरही सपाट होतात आणि मग काहीच उरत नाही. मिक्स करणाऱ्याकडे, म्हणजे रेकॉर्ड केलेले आवाज एकत्र जुळवणाऱ्याकडे, यावर साधे उपाय असतात: गिटारचा २ ते ४ हजार हर्ट्झचा भाग दोन-तीन डेसिबल खाली घेणं, गिटारी डाव्या-उजव्या टोकांना ढकलून मधली जागा आवाजाला देणं, किंवा सरळ रिफच तोडणं. यातलं काहीच केलेलं नसेल आणि तरी अल्बमच्या पुस्तिकेत पानभर शब्द छापले असतील, तर तुमच्या दुसऱ्या मित्राची तक्रार रास्त आहे. पण अल्बमभर शब्द बुडालेले आणि नेमक्या एका ठिकाणी गिटार थांबून एकच ओळ स्वच्छ येत असेल, तर ते बुडवणं मुद्दाम आहे. त्या एका ओळीसाठी चाळीस मिनिटं अंधार केलेला असतो. असं ठिकाण सापडलं तर वेळ टिपून ठेवा, चर्चेत तेच कामाला येईल.

शब्दांचा कागद कधी वाचायचा यावर मतभेद आहेत. माझा आग्रह असा की पहिल्या ऐकण्यानंतर वाचावा. आधी वाचला की कान कागदावरचे शब्द शोधून काढतो आणि आपल्याला वाटतं, अरे, स्वच्छ तर ऐकू येतंय. मिक्सची परीक्षा तिथेच संपते. पहिल्यांदा कागदाशिवाय, कळलेले शब्द तेवढे वहीत. मग कागद, सोबत अल्बमचं साल आणि तो कुठल्या देशात झाला याची दहा मिनिटांची माहिती. मग दुसरं ऐकणं. परदेशी अल्बममधला एखादा कायदा किंवा संप आपल्याला माहीत नसतो, आणि मग आपण त्या ओळीला ‘गुळमुळीत’ म्हणतो. गुळमुळीत बहुधा आपली माहिती असते.

‘संगीतात राजकारण कशाला’ याला फार वेळ देत नाही. हा प्रकार जन्मला तोच युद्ध आणि अणुबाँबच्या भीतीवर बोलत. आणि हे वाक्य सांगली जिल्ह्यात बसून म्हणणं जरा अवघडच आहे. वाटेगाव आपलं, अण्णा भाऊ साठे तिथे १९२० साली जन्मले, आणि १९४४ मध्ये अमर शेख, गवाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. त्यांचा स्टालिनग्राडवरचा पोवाडा हजारो मैलांवरच्या लढाईबद्दल आहे आणि तरी इथल्या माणसाने तो आपला म्हणून ऐकला.

मात्र त्या आक्षेपाच्या आत एक खरी तक्रार लपलेली असू शकते, ती सोडवून बाहेर काढा. पुष्कळदा माणसाला राजकारण नको नसतं, प्रवचन नको असतं. प्रवचन कुठे होतं? ‘ते’, ‘सत्ता’, ‘व्यवस्था’ असे शब्द येतात आणि एकही माणूस, वस्तू, जागा येत नाही तिथे. प्रत्येक गाण्याच्या सुरुवातीला बातम्यांचे किंवा भाषणांचे तुकडे चिकटवलेले असतात तिथे. एक तुकडा वातावरण करतो. चौथ्या गाण्यापर्यंत ऐकणारा तो पुढे ढकलू लागतो. आणि सर्वांत जास्त, जिथे शब्द बदलतो पण वाद्यांना त्याची खबरच नसते तिथे. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातली ‘माझी मैना’ का टिकली? वरून ती गावाकडे राहिलेल्या बायकोच्या विरहाची लावणी आहे, आणि तुटलेला मुलूख त्या विरहाच्या आडून येतो. माणूस आधी, मुद्दा मागून. अल्बममध्ये असं एखादं माणूस आहे का, बघा. खाणकामगार, सैनिकाची आई, कर्जात बुडालेला कोणी. सात गाण्यांत एकही नसेल तर पहिल्या मित्राच्या वैतागाला आधार आहे, फक्त त्याने कारण चुकीचं सांगितलं.

तिसऱ्याच्या तक्रारीकडे येऊ: एकसारखं आणि रटाळ. आधी आकडे मांडू. मिनिटाला ६० ठोक्यांची लय, चार मात्रांचं आवर्तन, म्हणजे एक आवर्तन ४ सेकंदांचं. चार आवर्तनांचा रिफ १६ सेकंद घेतो. तो आठ वेळा वाजला की २ मिनिटं ८ सेकंद झाली आणि सुरावटीत काहीच ‘घडलेलं’ नाही. स्लीप या बँडचा ‘डोपस्मोकर’ तर एकाच गाण्याचा आहे, ६३ मिनिटं. रेकॉर्ड कंपनीने तो काढायला नकार दिला आणि २००३ साली तो त्या रूपात बाहेर आला. रिफ म्हणजे गोष्ट सांगणारी चाल, अशा अपेक्षेने बसलात तर हे छळच वाटणार. इथे रिफ हा तंबोऱ्यासारखा आहे. मिरजेत ज्यांनी विलंबित ख्याल ऐकत रात्र काढली आहे, अब्दुल करीम खाँसाहेबांच्या नावाची सभा ज्यांच्या गावात होते, त्यांनी ‘संथ आहे’ ही तक्रार करू नये, एवढी थट्टा करायला हरकत नाही.

मग ऐकायचं काय? आवृत्ती मोजा आणि प्रत्येकीत काय बदललं ते बघा. ड्रमवाला हाय-हॅटवरून राइड या मोठ्या झांजेवर कधी गेला, राइडवरून क्रॅश या कडाडणाऱ्या झांजेवर कधी. बेसने रिफ सोडून वेगळी वाट कधी धरली. शेवटचा स्वर लांबत लांबत अँपच्या शिट्टीत कधी विरला. ठोका घड्याळाच्या किंचित मागे पडतोय का. तो मागे पडला की रिफ जड वाटतो, पुढे धावला की तोच रिफ हलका होतो. वजन तारेच्या जाडीपेक्षा ड्रमवाल्याच्या हातात जास्त असतं, आणि हे ऐकणाऱ्यांच्या चर्चेत जवळजवळ कधीच येत नाही.

जवारीचं उदाहरण इथे फिट्ट बसतं. सतारमेकर तंबोऱ्याची घोडी घासून तार तिला अशी स्पर्शवतो की एकाच तारेतून वरचे स्वरांश फुलून यावेत. तार आणि घोडी यांमधला दोरा केसभर सरकला की आवाज बंद तरी होतो नाहीतर चरचरतो. फझ विजेच्या मार्गाने तेच करतो: तारेच्या लहरीची टोकं कापतो आणि त्यातून नवे स्वरांश निघतात. फझ जास्त झाला की जवारी बिघडल्यासारखं होतं, सगळे रिफ एकाच चरचरीत विरघळतात आणि मग एकसारखे वाटणारच. म्हणून तिसऱ्याला नेमका प्रश्न विचारा: सुरावट एकसारखी, लय एकसारखी, की पोत एकसारखा?

हे तपासणं सोपं आहे. फोनवर ठोका मोजायचं अ‍ॅप घ्या आणि प्रत्येक गाण्याच्या मुख्य रिफची लय लिहा. शेजारी त्याचा ‘सा’ कुठे आहे ते लिहा. बहुतेकदा तो मोकळी सोडलेली सर्वांत खालची तारच असतो. सातपैकी पाच गाणी पाच ठोक्यांच्या फरकात आणि एकाच ‘सा’वर निघाली, तर ‘एकसारखी’ हे मत नाही, नोंद आहे, आणि चौथ्या मित्राने ती मान्य करावी. स्वरांचंही बघा. सा, कोमल ग, म, प, कोमल नि एवढ्यावर चालणारा रिफ म्हणजे धानीचेच स्वर, ब्लूजमधून आलेले. हा बहुधा स्टोनरकडचा, डोलणारा भाग. त्यात कोमल रे आला, किंवा ‘सा’वरून थेट तीव्र मध्यमावर उडी आली, की डूमची सावली पडते. ब्लॅक सबाथच्या पहिल्या अल्बमच्या पहिल्याच रिफमध्ये ही सा-तीव्र मध्यमाची जोडी आहे.

लय आणि शब्द यांचा मेळ हा भाग राजकीय अल्बममध्ये निर्णायक ठरतो. संताप संथ लयीत गायला की तो संताप राहत नाही. त्याचा एकतर शोक होतो नाहीतर दम देणं होतं. ५५ ठोक्यांवर केलेली शिवीगाळ पोकळ वाटते, कारण शिवीला श्वास कमी लागतो आणि इथे दोन ओळींमध्ये चार सेकंद जातात. म्हणून जाणते बँड आरोप १००-११० च्या डोलत्या भागात ठेवतात आणि परिणाम, म्हणजे प्रेतं, ओसाड गाव, बंद गिरणी, संथ भागात. अल्बम याच्या उलट करत असेल तर तो का फसला हे एका वाक्यात सांगता येतं.

कोणाला गिटार ‘उतरलेली’ वाटली असेल तर त्याचंही कारण आहे. तारांचा १०-४६ चा साधा संच (आकडे तारांच्या जाडीचे) खाली ६५ हर्ट्झला लावला की तारा ढिल्या पडतात. जोरात छेडल्यावर स्वर क्षणभर चढतो आणि मग बसतो. ते नको असेल तर १२-५६ च्या आसपासचा जाड संच लावतात. काहींना तो ढिलेपणाच हवा असतो. ब्लॅक सबाथचा गिटारवादक टोनी आयोमी याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं पत्र्याच्या कारखान्यात यंत्राखाली गेली. तो डावखुरा, त्यामुळे तारा दाबायची तीच बोटं. बोटांना सोसावं म्हणून हलक्या तारा आणि १९७१ च्या अल्बमपासून तीन अर्धस्वर खालचं ट्यूनिंग. कामगाराच्या अपघाताने या प्रकाराचा आवाज ठरवला, तेव्हा राजकारण शब्दांत नसतं तरी तारेत होतंच.

राहिला चौथा. त्याची अडचण उलटी आहे. अल्बमची बाजू पटली म्हणून तो आवडला की वाजवलाय चांगला म्हणून, हे त्याने स्वतःलाच विचारावं. कसोटी अशी: शब्दांचा कागद बाजूला ठेवून, भाषा येत नाही असं समजून, मधल्या दोन गाण्यांवर चार वाक्यं लिहायची. लिहिता आली तर कान चालू आहेत. सगळी वाक्यं ‘किती निर्भीड’ याच्याच आसपास फिरली तर त्याने जाहीरनामा ऐकला, अल्बम नाही. हाच कागद पहिल्या मित्रालाही द्या.

पुढच्या बैठकीसाठी मत लिहिण्याचा एक साचा देतो. ‘भारी आहे’, ‘डोकं दुखलं’ हे चालणार नाही. गाणं कितवं, वेळ किती, काय ऐकू आलं, त्याने शब्दाचं काय केलं, आणि कशावर ऐकलं. नमुना: ‘चौथं गाणं, ३ मिनिटं ४० सेकंद. बेस थांबतो, गायक एकटा दोन ओळी म्हणतो, पण झांज चालूच राहते आणि दुसऱ्या ओळीचा शेवट खाते. ओळ जमीन गेलेल्या माणसाची आहे, तिथे पूर्ण शांतता हवी होती. हेडफोनवर ऐकलं.’ एवढं लिहिलं की भांडायला काहीतरी ठोस हाती लागतं. दुसरा तेच ठिकाण लावून दाखवू शकतो.

सगळ्यांनी एकाच खोलीत, एकाच स्पीकरवर, वाद झालेली दोनच गाणी लावा. पूर्ण अल्बम पुन्हा नको. पन्नास मिनिटांनंतर कान थकतात आणि तेव्हाची मतं थकव्याची असतात. स्ट्रीमिंगवरून लावत असाल तर आवाज समान करणारं सेटिंग चालू राहू द्या, नाहीतर जे गाणं जोरात बसवलंय तेच चांगलं वाटतं. बोलायच्या आधी प्रत्येकाने आपापल्या चिठ्ठीवर लिहावं, आणि ज्याला अल्बम सर्वांत जास्त आवडलाय त्याने शेवटी वाचावं. तो आधी बोलला की निम्मा गट त्याच्या बाजूचा होतो आणि उरलेला निम्मा त्याच्यावर चिडतो, अल्बमवर नव्हे.